मधल्या पुस्तकाची बाजू

कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेल्या फँटसी ट्रिलॉजीतलं दुसरं पुस्तक कमअस्सल असतं, हा समज आता इतका मुरला आहे की तो तपासून पाहायच्या भानगडीत कुणी पडत नाही. पहिल्या पुस्तकात नवं जग उभं राहतं, तिसऱ्यात मोठी लढाई होऊन सगळ्याचा निकाल लागतो आणि मधलं म्हणजे नुसती भरताड, असं मुलं सांगतात, पालक सांगतात, परीक्षणं लिहिणारेही सांगतात. ‘दुसरा भाग जरा रटाळ आहे, पण तेवढा ढकल, तिसरा मस्त आहे’ हा सल्ला मी ग्रंथालयाच्या देवघेव काउंटरपाशी आणि पुस्तक प्रदर्शनांत वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. ट्रिलॉजी चांगली असेल तर तिचं सगळ्यात महत्त्वाचं काम मधल्या पुस्तकात होतं, आणि तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाला तेच मिळालं नाही तर बाकीची दोन वाचूनही त्याच्या पदरात फार थोडं पडतं. हा नुसता आवडीनिवडीचा मामला असता तर मी इतकं लिहिलं नसतं. पण ग्रंथालयात काय येणार, सिनेमा कशावर निघणार, अनुवाद कशाचा होणार हे मोठी माणसं ठरवतात आणि ते ठरवताना हाच समज त्यांच्या डोक्यात असतो.

अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांची ‘अर्थसी’ ही मालिका घेऊ. या प्रश्नाचा कस लावायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. 1968 मध्ये ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ आलं, 1971 मध्ये ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ आणि 1972 मध्ये ‘द फार्देस्ट शोअर’. पहिल्या पुस्तकात गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा एक मुलगा, गेड, जादूगारांच्या शाळेत जातो, गर्वापोटी नको ती विद्या करून बसतो आणि एका सावलीला या जगात मोकळं सोडतो. आधी ती सावली त्याच्या पाठीस लागते, मग तो तिच्या. पुस्तक मिटेपर्यंत वाचक पुरता गेडचा होऊन गेलेला असतो.

दुसरं पुस्तक उघडलं की गेड कुठेच नाही. त्याचा समुद्र नाही, होडी नाही, शाळा नाही, गुरू नाहीत. वाळवंटातली एक ओसाड जागा आहे, तिथे फार जुनी थडगी आहेत, देवळं आहेत आणि टेनार नावाची पाच वर्षांची मुलगी आहे. थडग्यांची आधीची मुख्य पुजारीण ज्या रात्री मेली त्या रात्री ही जन्मली, म्हणून ‘तीच परत आली’ असं ठरवून हिला आईबापांपासून उचलून आणलेलं आहे. सहाव्या वर्षी विधी करून तिचं नावसुद्धा काढून घेतात. यापुढे ती आर्हा, काळोखातल्या निनावी शक्तींची पुजारीण. हा मुलूख कार्ग लोकांचा. पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला गेडच्या गावावर चालून आलेले, जाळपोळ करणारे ते हेच. ज्यांना वाचकाने शत्रू म्हणून पाहिलं, त्यांच्याच घरात, त्यांच्याच एका लेकराच्या डोळ्यांनी त्याला आता राहायचं आहे. बारा प्रकरणांच्या या पुस्तकात गेड उगवतो तो पाचव्या प्रकरणात.

तोवर काय होतं? वरवर पाहिलं तर फारसं काही नाही. आर्हा काळोख शिकते. थडग्यांखालच्या गुहेत दिवा न्यायला सक्त मनाई आहे, म्हणून ती भिंतीवरून हात फिरवत, वळणं आणि फाटे मोजत, घोकत चालते. तिच्या मायेचा एकच माणूस आहे, तिला लहानाचं मोठं करणारा बेढब, भोळा सेवक मानान. दिवस एकसारखे जातात, सूत कातणं, स्तोत्रं, उपास. आणि अशाच एका दिवशी तिच्यासमोर तीन कैदी येतात. राजाने त्यांना बळी म्हणून पाठवलेलं आहे आणि त्यांना कसं मारायचं हे पुजारणीने सांगायचं आहे. पंधरा वर्षांची मुलगी सांगते, अन्नपाणी देऊ नका. सांगून झाल्यावर ती कोसळते. पुढे तिला स्वप्न पडत राहतं, त्यात ती कुणा तहानेल्या माणसाकडे पाणी घेऊन निघते आणि पोचतच नाही. या जागी लेखिकेने वाचकाला एकही पळवाट ठेवलेली नाही. आर्हा दुष्ट आहे असं म्हणता येत नाही, कारण आपण तिला पाच वर्षांची असल्यापासून पाहिलं आहे. ती निष्पाप आहे असंही म्हणवत नाही, कारण ते तिघे खरोखर मेले.

मग गेड येतो आणि तो येतो चोर म्हणून. हातात घालायच्या, दुभंगलेल्या एका प्राचीन कड्याचा अर्धा तुकडा त्या थडग्यांच्या खजिन्यात आहे, तो न्यायला तो आला आहे. आर्हा नेहमीसारखी अंधारातून चालत जाते आणि जिथे कधीच उजेड असता कामा नये तिथे तिला उजेड दिसतो. गेडच्या काठीच्या टोकाशी असलेल्या त्या मंद प्रकाशात तिला आयुष्यात पहिल्यांदा दिसतं की आपण इतकी वर्षं चाचपडत वावरलो ती गुहा स्फटिकांनी लखलखणारी, देखणी आहे. आणि हे पाहिल्यावर ती काय करते? चोराला आत ठेवून लोखंडी दार बंद करते. पुढचे कित्येक दिवस ती झरोक्यातून त्याला बघते. तो तहानेने खंगत, चुकत, ठेचकाळत फिरतो आहे, आणि त्याला मरू द्यावं की पाणी द्यावं हे तिचं ठरत नाही.

इथे वाचकाची जी कोंडी होते ती मला या सगळ्या साहित्यप्रकारात फार मोलाची वाटते. गेड भला माणूस आहे हे आपल्याला माहीत आहे, कारण त्याच्या पोटात शिरून आपण एक अख्खं पुस्तक काढलं आहे. आर्हाला यातलं काही ठाऊक नाही. तिच्या लेखी तो देवस्थानात शिरलेला परका, काळा, लबाड जादूगार आहे. (अर्थसीत गेड आणि बहुतेक सगळे लोक सावळ्या-तांबूस वर्णाचे आहेत, गोरे आहेत ते कार्ग. अमेरिकेत 1968 मध्ये मुलांच्या पुस्तकात असं करणं ही साधी गोष्ट नव्हती.) तिने आजवर जे जे शिकलं आहे त्याप्रमाणे त्याला मारणं हेच तिचं कर्तव्य आहे. वाचकाला दोघांचंही खरं एकाच वेळी मनात धरून पानं उलटावी लागतात. ‘अरे, तो आपला गेड आहे, दार उघड’ असं ओरडावंसं वाटतं, आणि ती का उघडत नाही हेही पुरतं कळत असतं.

हे पहिल्या पुस्तकात होऊच शकत नाही. तिथे वाचकाचा अजून कुणी आपला माणूस झालेला नसतो, त्यामुळे त्याला परक्याच्या डोळ्यांनी पाहण्याचा प्रश्नच येत नाही. तिसऱ्या पुस्तकात ते करायला सवड नसते, कारण तिथे सगळे धागे आवळायचे असतात. एक जीव लावून वाचलेलं पुस्तक मागे आहे आणि शेवट अजून दूर आहे, अशा जागीच लेखक वाचकाच्या लाडक्या माणसाला त्याच्यापासून काढून घेऊ शकतो आणि त्याला समोरच्या घरात नेऊन बसवू शकतो. मुलं जेव्हा ‘दुसऱ्या भागात हिरोच नाहीये’ अशी तक्रार करतात तेव्हा ती तक्रार अगदी खरी असते. तो दोष आहे असं मात्र मोठ्यांनी त्यांना सांगू नये. हिरो नाही हेच त्या पुस्तकाचं काम आहे. तेरा वर्षांच्या मुलाभोवतीच्या बहुतेक गोष्टी त्याच्या बाजूने सांगितलेल्या असतात. घरच्या, जातीच्या, गावाच्या, शाळेच्या, मोबाईलवरच्या ग्रुपमधल्या, सगळ्या. आपला माणूस दुसऱ्याच्या अंगणातून कसा दिसतो हे त्याला दाखवणारं कुणी लागतं, आणि ते उपदेश करून होत नाही. ती कोंडी त्याने स्वतः भोगावी लागते.

फिलिप पुलमन यांच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’मध्येही हेच घडतं, वेगळ्या तऱ्हेने. 1995 च्या ‘नॉर्दर्न लाइट्स’मध्ये आपण लायरा या धीट, थापाड्या, लाघवी मुलीबरोबर उत्तरेकडच्या बर्फाळ ध्रुवप्रदेशात जातो. पुस्तक संपतं तेव्हा ती आभाळात उघडलेल्या वाटेने दुसऱ्या जगात पाऊल टाकते. मग 1997 चं ‘द सटल नाइफ’ उघडावं, तर लायराच्या जगातलं काहीच नाही. आपल्याच जगातला, इंग्लंडमधला विल पॅरी नावाचा बारा वर्षांचा मुलगा आईचा हात धरून तिला ओढतो आहे. आईचं मन ठिकाणावर नाही. शत्रू आपल्या मागावर आहेत असं तिला वाटतं. विल लहान असताना सुपरमार्केटमध्ये ती घाबरून लपत-छपत वस्तू उचलायची आणि त्याला तो खेळ वाटायचा. पुढे केव्हातरी त्याला उमगलं की ते शत्रू आईच्या डोक्यात आहेत. तेव्हापासून तो शेजाऱ्यांना, शाळेला, कुणालाच काही कळू देत नाही. स्वयंपाक करतो, बिलं बघतो आणि चारचौघांत लक्ष वेधलं जाणार नाही असं वागायला शिकतो. बोलती अस्वलं आणि चेटकिणी असलेल्या या गोष्टीत आजारी आईला सांभाळणाऱ्या मुलाचं इतकं नेमकं चित्र येतं ते मधल्या पुस्तकात. असं ओझं वाहणारी मुलं आपल्या वर्गांतही असतात आणि ती कुणाला सांगत नाहीत.

लायराचं काय होतं? ती आहे, पण आता गोष्ट तिच्या एकटीची नाही. खरं सांगणारं तिचं यंत्र तिला सांगतं की या मुलाला त्याचा बाप शोधायला मदत कर. ती ऐकत नाही, स्वतःच्या मनचं करते आणि त्यापायी ते यंत्रच गमावून बसते. पहिल्या पुस्तकात जिचा हट्ट आपल्याला शौर्य वाटत होता, तिचा तोच हट्ट इथे दुसऱ्याच्या अंगाशी येतो. पुढे ती विलची माफी मागते आणि मदतनीस होणं पत्करते. आपल्या लाडक्या नायिकेला दुय्यम होताना पाहणं सोपं नसतं. पण मैत्री कशाने होते हे या वयाच्या मुलांना दाखवणारी याहून चांगली पानं मी फार वाचलेली नाहीत.

आपल्या परंपरेत ही गोष्ट लोकांना उमगलेली होती. महाभारतात द्यूत होऊन गेलं आहे, युद्ध अजून लांब आहे आणि मधे बारा वर्षांचं अरण्य आहे. घटनाच मोजायच्या तर वनपर्वात कथा थांबलेली आहे. पण नल-दमयंती तिथे आहेत, सावित्री तिथे आहे, तळ्याकाठी मेलेले भाऊ आणि यक्षाचे प्रश्न तिथे आहेत. कीर्तनकारांनी आणि आजीने आपल्याला जे सांगितलं त्यातलं किती तरी त्या थांबलेल्या वर्षांतलं आहे. ‘वनपर्व सोडा, थेट कुरुक्षेत्रावर या’ असं त्यांनी कधी म्हटलं नाही. तीन अंकी नाटकं पाहत वाढलेल्या मराठी प्रेक्षकालाही दुसऱ्या अंकाची किंमत कुणी समजावून सांगावी लागत नसे.

आता दुसरी बाजू. पुष्कळ मधली पुस्तकं खरोखर भरताड असतात, हे मी नाकारत नाही. ट्रिलॉजी हा प्रकाशन व्यवसायाचा आवडता साचा झाला आहे. दोन पुस्तकांत मावणारी गोष्ट तीनांत ताणली जाते, नायकनायिकांचं उगाच भांडण लावलं जातं, शेवटच्या पानावर कुणाला तरी पळवलं जातं आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तकाची जाहिरात होते. असं पुस्तक मुलाने अर्ध्यात टाकलं तर त्याने योग्यच केलं. गंमत अशी की ज्या कादंबरीकडे बोट दाखवून तीनचा साचा रूढ झाला, ती टोल्किन यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लेखकाच्या मते एकच सलग कादंबरी होती. युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये कागद आणि छपाईचा खर्च पाहता प्रकाशकाने ती 1954-55 मध्ये तीन खंडांत काढली. तेव्हा तीन या आकड्यात काही पवित्र आहे असं मी म्हणत नाही. पण वाईट मधल्या पुस्तकांवरून चांगल्यांना जोखलं जातं आणि त्या ओघात चांगली पुस्तकंही कापली जातात, हे डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

अर्थसीचंच बघा. 2004 मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही वाहिनीने पहिली दोन पुस्तकं एकत्र करून मालिका काढली. त्यात गेड आणि टेनार यांच्या गोष्टी पहिल्यापासून शेजारी शेजारी चालवल्या, गेडला तिची स्वप्नं पाडली आणि शेवटी प्रेमकथा जुळवून दिली. गेडच्या भूमिकेत गोरा नट घेतला. ले ग्विन यांनी यावर जाहीरपणे, नाव देऊन टीका केली. रंगाच्या मुद्द्याची चर्चा पुष्कळ झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण मला दुसरा घातही तेवढाच मोठा वाटतो. प्रेक्षकाला गेडशिवाय एक मिनिटही राहू दिलं नाही, त्यामुळे तो चोर म्हणून दिसण्याचा क्षणच उरला नाही. 2006 मध्ये जपानच्या स्टुडिओ जिबलीने अर्थसीवर चित्रपट केला तो मुख्यतः तिसऱ्या आणि चौथ्या पुस्तकांवर बेतलेला. थडग्यांखालचा तो काळोख पडद्यावर असा दोनदा हुकला.

पुलमन यांच्या बाबतीत 2007 चा सिनेमा पहिल्या पुस्तकावर निघाला. त्याचे शेवटचे कठोर प्रसंग कापून गोड जागी थांबवला गेला आणि दुसरा भाग निघालाच नाही. पुढे 2019 पासून आलेल्या मालिकेने तिन्ही पुस्तकं पूर्ण केली, त्याबद्दल मला त्या मंडळींविषयी आदर आहे. तरी विलला त्यांनी पहिल्याच सीझनमध्ये आणून ठेवलं. पुस्तक उघडल्यावर ‘हा कोण? लायरा कुठे गेली?’ असा जो धक्का बसतो तो गेला. याउलट शेवटच्या पुस्तकांची श्रीमंती पाहा. ‘हंगर गेम्स’च्या तिसऱ्या पुस्तकाचे 2014 आणि 2015 मध्ये दोन सिनेमे झाले. शेवट ताणला तर तिकिटं जास्त खपतात आणि मधलं आटोपशीर केलं तर कुणी तक्रार करत नाही, असं हे गणित आहे.

मधल्या पुस्तकांची ताकद त्यांच्या विरोधकांना मात्र बरोबर कळली होती. पुलमन यांची पुस्तकं धर्मसंस्थेवर टीका करतात, म्हणून 2007 च्या सिनेमावर अमेरिकेतल्या कॅथलिक लीग या धार्मिक संघटनेने बहिष्कार पुकारला. त्यांचं म्हणणं असं होतं की सिनेमा स्वतः सौम्यच आहे, पण तो पाहून मुलं पुस्तकांकडे जातील आणि एकेक करत पुढची वाचतील, धोका तिथे आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या 2008 सालच्या सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत ही ट्रिलॉजी दुसऱ्या क्रमांकावर आली. आक्षेप घेणाऱ्यांचा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. पण पहिल्या पुस्तकावर मूल थांबलं तर त्याच्यात फारसं काही बदलत नाही, पुढे गेलं तर बदलतं, हे त्यांचं निदान अचूक होतं.

पालकांची भीती याच्याच जवळची आहे आणि ती मी हलकी मानत नाही. उपाशी मारलेले कैदी, बोटं तुटलेला विल, त्याची भ्रमिष्ट आई, हे तेराव्या वर्षी कशाला? मी ही पुस्तकं या वयाच्या मुलामुलींना वाचायला दिली आहेत आणि त्यांच्याशी बोलले आहे. एका मुलीने मला विचारलं होतं, ‘आर्हाने त्या तिघांना मारलं, मग तिला माफ करायचं का?’ मी उत्तर दिलं नाही, कारण पुस्तकही सरळ उत्तर देत नाही. टेनार थडग्यांतून सुटते, तिला तिचं नाव परत मिळतं, डोंगर ओलांडून ती समुद्राकाठी येते आणि तिथे सुटकेचा आनंद करायचा सोडून ती रडते, त्या मेलेल्यांसाठी आणि वाया गेलेल्या वर्षांसाठी. गेड तिला ‘तुझी काही चूक नव्हती’ असं म्हणून मोकळा होत नाही. त्या मुलीने ते पुस्तक दोनदा वाचलं. मुलांना काळोखाची ओळख होणारच आहे, बातम्यांतून, मोबाईलवरून, घरातून. इथे त्यांच्यासोबत एक जबाबदार लेखक असतो, जो काळोखही दाखवतो आणि त्यातून चालत बाहेरही आणतो. फक्त त्यासाठी पुस्तक शेवटपर्यंत वाचावं लागतं, आणि तिसऱ्यापर्यंत जाण्याआधी दुसरं हातात असावं लागतं.

आपल्याकडे अडतं ते नेमकं इथे. ज्या ग्रंथालयांत माझं जाणं-येणं असतं तिथल्या बालविभागाच्या कपाटात एक ओळखीचं दृश्य दिसतं. ट्रिलॉजीच्या पहिल्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती असतात, कुणीतरी देणगीत दिलेल्या, कव्हर निघालेल्या. तिसऱ्याची एखादी कोरी प्रत असते, कारण सिनेमा आला तेव्हा ती मागवली गेली. दुसरं नसतं. ‘ताई, दुसरं नाहीये, तिसरं नेऊ का?’ असं मूल विचारतं आणि काउंटरवरून ‘ने की, कळेल तुला’ असं उत्तर मिळतं. मधल्याची गोष्ट मग ते यूट्यूबवर दहा मिनिटांत बघून घेतं. त्या दहा मिनिटांत त्याला घटना कळतात. आर्हासोबत अंधारात काढायचा वेळ त्यात नसतो, आणि पुस्तक सगळं त्या वेळात आहे.

काउंटरवरच्या ताईंना दोष देण्यात अर्थ नाही. तुटपुंज्या अनुदानात त्या कपाट चालवतात. पण 1967 च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी राहिली, हजारो गावांत जी वाचनालयं तिच्या आधाराने चालतात, त्यांच्या खरेदीत ‘संच’ हा विचार कादंबऱ्यांच्या बाबतीतही यायला हवा. विश्वकोशाचा मधलाच खंड कुणी गाळत नाही. एका लोकप्रिय पहिल्या पुस्तकाच्या तीन प्रती घेण्याऐवजी एक पूर्ण त्रयी घेतली तर खर्च जवळपास तेवढाच येतो. पहिल्याला जास्त मागणी असते हे खरं. पण ज्याच्या दुसऱ्याची सोय नाही ते पहिलं पुस्तक मुलाच्या हातात देणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

अनुवादाच्या बाबतीत माझा आग्रह आणखी पक्का आहे. पहिल्याचा खप बघू आणि मग दुसऱ्याचं ठरवू, हे प्रकाशकाचं गणित व्यवहाराला धरून आहे, हे कळतं मला. पण इंग्रजी येणारं मूल मूळ पुस्तकाकडे वळू शकतं. फक्त मराठी वाचणाऱ्या मुलाला अर्ध्यावर सोडलं की त्याच्याकडे दुसरा रस्ता नसतो. तालुक्याच्या गावातल्या, मराठी शाळेतल्या वाचकाचं नुकसान यात सगळ्यात जास्त होतं. एकदा सोडलेला वाचक पुढच्या मालिकेवर विश्वास ठेवत नाही आणि मग ‘मराठीत या वयाला वाचक नाही’ असं म्हटलं जातं. तिन्ही पुस्तकांचे हक्क एकदम घ्यावेत, तिन्हींच्या तारखा पहिल्यातच छापाव्यात, आगाऊ नोंदणी करून संच विकावा. मोठ्यांच्या बहुखंडी ग्रंथांसाठी प्रकाशनपूर्व सवलतीची पद्धत मराठीत जुनी आणि यशस्वी आहे. कुमारांसाठी ती का वापरू नये?

आपल्या कुमारवाङ्मयाला मालिकांची सवय नाही असं नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने पिढ्या वाचत्या केल्या. त्यातलं कुठलंही पुस्तक कुठूनही उचलावं, बनेश तोच असतो आणि गोष्ट त्याच पुस्तकात पुरी होते. ते सुख वेगळं आहे आणि ते मला आजही हवं आहे. पण चौदाव्या वर्षी त्याच्या जोडीला अशीही गोष्ट लागते जिच्यात माणसं बदलतात, जिचं मधलं पुस्तक मागेपुढे करून वाचता येत नाही. मराठीत ती लिहिली जावी असं मला मनापासून वाटतं, आणि लिहिणाऱ्याने पहिल्याइतकाच जीव दुसऱ्यात ओतावा.

शाळांनीही मोजमाप बदलायला हवं. 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिनी, आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. चांगली गोष्ट आहे. त्या दिवशी मुलांना विचारलं जातं, यंदा किती पुस्तकं वाचलीस? आकडा मोठा यावा म्हणून मुलं पातळ पुस्तकं निवडतात, आणि वर्षभर एकाच लांब गोष्टीत गढलेल्या मुलाच्या नावासमोर ‘तीन’ लिहिलं जातं. त्याला विचारा की मधल्या पुस्तकात तुझं मन कुणावरून उडालं आणि कुणावर बसलं. त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ निघेल.

ले ग्विन यांनी स्वतः काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. तीन पुस्तकांनंतर त्या या जगाकडे अठरा वर्षांनी परतल्या, 1990 मध्ये, ‘तेहानू’ घेऊन. अर्थसीचा सगळ्यात मोठा जादूगार गेड त्यात आहे, पण त्याची सगळी शक्ती संपलेली आहे. पुस्तक ज्या माणसाच्या नजरेतून पुढे सरकतं ती टेनार आहे, आता मध्यमवयीन, विधवा, शेतावर राहणारी, जाळलेल्या एका लहान मुलीला सांभाळणारी. ज्या वाचकाने दुसरं पुस्तक ‘रटाळ’ म्हणून ओलांडलं त्याला ही बाई कोण हेच कळणार नाही.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे, आणि ती येत्या खरेदीच्या वेळेला अमलात येऊ शकते. ग्रंथालयाच्या खरेदी समितीत बसणाऱ्यांनी बालविभागाच्या कपाटापाशी जावं, कुठल्या मालिकेचं दुसरं पुस्तक नाही त्याची यादी करावी आणि या वर्षीच्या पैशातून आधी ती पुस्तकं आणावीत. नवीन मालिकांची पहिली पुस्तकं त्यानंतर.